स्प्रेडशीटमध्ये ‘३-५’ ची ‘३ मे’ होऊ नये म्हणून

वयोगटांचा एक साधा रकाना होता. ३-५, ६-१०, आणि पुढे १७-२५, २६-४०. मी तो नीट भरला, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) करून पाठवली, ती परत आली, उघडून दहा-बारा ओळी वाढवल्या आणि सेव्ह केली. आठवड्याने गटवार मोजणी करायला बसले तर पहिल्या दोन गटांत एकही नोंद सापडेना. वर जाऊन पाहिलं, तर ३-५ च्या जागी ३ मे आणि ६-१० च्या जागी ६ ऑक्टोबर. १७-२५ आणि २६-४० मात्र जसेच्या तसे. फाइलचा खालचा भाग ठीक दिसत होता, म्हणून इतके दिवस शंकाच आली नव्हती.

मग जे सगळे करतात तेच मीही केलं. रकाना निवडला, फॉरमॅट बदलून ‘टेक्स्ट’ केलं. तर ३ मेच्या जागी ४५७८० असा आकडा आला. त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली: स्प्रेडशीट तुम्ही काय टाइप केलं होतं ते लक्षात ठेवत नाही. तिने अर्थ लावला की मूळ अक्षरं गेली. म्हणून या दुखण्याचा इलाज मजकूर सेलमध्ये जाण्याआधी करायचा असतो.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तीच, फक्त देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरणांतले आकडे देवनागरीत आहेत, पण ही अडचण की-बोर्डवरचे नेहमीचे आकडे टाइप करताना येते असं धरून वाचा.

## आधी थोडं, आत काय घडतं त्याबद्दल

सेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात: आत साठवलेली किंमत आणि बाहेर दिसणारं रूप. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे आत एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० ला १ धरून तिथून दिवस मोजत यायचे. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८ आणि ३ मे २०२५ म्हणजे ४५७८०. दिसतं ते ‘०३-मे’, आत असतं ते ४५७८०.

नव्या फाइलमधले सेल ‘जनरल’ फॉरमॅटचे असतात. जनरल याचा अर्थ ‘काय आलंय ते तूच ओळख’. तुम्ही एंटर दाबलं की प्रोग्रॅम मजकुराकडे पाहतो आणि हा आकडा आहे का, तारीख आहे का, वेळ आहे का हे तपासतो. कशातच बसला नाही तरच तो मजकूर. ३-५ तारखेत बसतं, म्हणून तारीख होते. १७-२५ बसत नाही, कारण १७ वा महिना नाही आणि २५ वाही नाही, म्हणून ते वाचतं. एकाच रकान्यात अर्ध्या नोंदी बिघडतात आणि अर्ध्या टिकतात त्या यामुळे.

यात आणखी दोन गोष्टी शिरतात. पहिली म्हणजे साल. तुम्ही साल लिहिलेलंच नसतं, म्हणून प्रोग्रॅम चालू साल जोडतो. दुसरी म्हणजे दिवस आधी की महिना आधी, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. तुमच्या संगणकावर ३-५ ची ३ मे होते, तर सहकाऱ्याच्या संगणकावर त्याच ३-५ चा ५ मार्च होऊ शकतो. दोघांच्या याद्या एकत्र केल्या की चूक शोधणं फार कठीण होऊन बसतं.

## कोणता मजकूर धोक्यात असतो

तुमच्या कामात यातलं काही असेल तर पुढचं सगळं वाचा:

- गट आणि पल्ले: ३-५, १०-१२
- सामन्यांचे गुण: २-१, ४-३
- अपूर्णांक किंवा तिरक्या रेघेचे क्रमांक: १/२, ४/१२
- महिन्याच्या इंग्रजी नावासारखी अक्षरं आणि लगेच आकडा असलेले कोड: ‘मार’, ‘सेप’, ‘डिसें’, ‘ऑक्ट’ यांची इंग्रजी रूपं आणि पुढे १, २, ३
- महिना आणि दोन आकडी साल वाटेल अशा जोड्या: १०-४५ टाइप केलं तर एक्सेल त्याला ४५ सालचा ऑक्टोबर समजतं

याच जातीची आणखी तीन दुखणी आहेत आणि त्यांवर इलाजही जवळपास हेच आहेत. १:२ असं गुणोत्तर लिहिलं की त्याची वेळ होते. ००४२ मधली पुढची शून्यं गळून ४२ राहतं. आणि आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ असलेला कोड, उदाहरणार्थ ‘५ई३’, पाच हजार होऊन बसतो. सोळा किंवा जास्त आकडी क्रमांक असतील तर एक्सेल पहिले १५ आकडेच ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. ते आकडे तर कुठल्याच मार्गाने परत मिळत नाहीत.

## हाताशी काय हवं

- मूळ फाइल, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये न उघडलेली
- तिची एक प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये
- नोटपॅडसारखा साधा मजकूर-संपादक, कारण सीएसव्हीमध्ये खरोखर काय लिहिलंय ते तिथेच दिसतं
- कोणते रकाने मजकूर म्हणूनच राहायला हवेत, त्यांची यादी

शेवटची यादी कागदावर केलीत तरी चालेल, पण कराच. साधा नियम असा: ज्या रकान्याची बेरीज किंवा सरासरी तुम्ही कधीच काढणार नाही, तो मजकूर. क्रमांक, कोड, गट, गुणफलक, फोन नंबर हे सगळे मजकूरच.

## १. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग लिहायला घ्या

हाताने नोंदी भरणार असाल तर हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. रकान्याच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकाना निवडा. कंट्रोल आणि १ दाबा. ‘फॉरमॅट सेल्स’ची खिडकी उघडेल. ‘नंबर’ टॅबमध्ये ‘टेक्स्ट’ निवडा, ओके म्हणा. आता ३-५ लिहा, ३-५ च राहील. सेलच्या डाव्या कडेला चिकटून दिसेल. मजकूर डावीकडे आणि आकडे-तारखा उजवीकडे, ही स्प्रेडशीटची मूळ सवय आहे आणि पुढे तपासताना तिचा उपयोग होतो.

गूगल शीट्समध्ये रकाना निवडून फॉरमॅट > नंबर > प्लेन टेक्स्ट. लिबरऑफिस कॅल्कमध्येही कंट्रोल आणि १ नेच खिडकी उघडते आणि प्रकारांच्या यादीत ‘टेक्स्ट’ असतं.

इथले दोन सापळे. पहिला मी वर सांगितलाच: भरून झाल्यावर फॉरमॅट बदलून काही उपयोग नाही, तारखेच्या जागी फक्त आतला आकडा दिसायला लागतो. दुसरा असा की टेक्स्ट केलेल्या सेलमध्ये सूत्र लिहिलंत तर तेही मजकूरच धरलं जातं, उत्तर येतच नाही. म्हणून संपूर्ण शीट सरसकट टेक्स्ट करू नका, यादीतले रकानेच करा.

## २. एखाद-दुसरी नोंद असेल तर पुढे एकेरी अवतरणचिन्ह

पूर्ण रकान्याची गरज नसेल तर मजकुराच्या आधी एक सरळ एकेरी अवतरणचिन्ह टाका आणि लगेच ३-५ लिहा. एंटर दाबल्यावर चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, मजकूर तेवढा राहतो. एक्सेल, गूगल शीट्स आणि कॅल्क, तिन्हींत हे चालतं. शोधणाऱ्या किंवा जुळवणाऱ्या सूत्रांनाही या चिन्हाची अडचण होत नाही.

काही जण त्याऐवजी आधी एक रिकामी जागा सोडतात. ते टाळा. रिकामी जागा सेलमध्ये तशीच राहते आणि पुढे ‘३-५’ शोधलं की ‘ ३-५’ सापडत नाही.

मोबाइलवर लिहिताना कीबोर्ड कधी सरळ चिन्हाचं वळणदार चिन्ह करून टाकतो. ते नुसतं अक्षर म्हणून सेलमध्ये दिसत राहतं, त्याने काम होत नाही.

आणि खरोखर अर्धा, पाव असे अपूर्णांकच हवे असतील, म्हणजे त्यांचा पुढे हिशेब करायचा असेल, तर एक्सेलमध्ये आधी शून्य, मग रिकामी जागा, मग १/२ लिहा. सेलमध्ये १/२ दिसेल आणि आत ०.५ साठवलं जाईल.

## ३. दुसरीकडून पेस्ट करताना

रकाना टेक्स्ट केलेला आहे म्हणून निर्धास्त होऊन वेबपानावरचा तक्ता त्यात पेस्ट केला, तरी तारखा होऊ शकतात. कारण पेस्ट करताना मजकुराबरोबर त्याचं मूळ फॉरमॅटही येतं आणि तुमचं टेक्स्ट फॉरमॅट पुसलं जातं. एक्सेलमध्ये उजवं क्लिक करून ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ निवडा किंवा पेस्ट स्पेशलमधून नुसता ‘टेक्स्ट’ पेस्ट करा. मध्ये नोटपॅडचा मुक्काम घेतला तरी तेच होतं: आधी तिथे पेस्ट करा, तिथून पुन्हा कॉपी करून टेक्स्ट केलेल्या रकान्यात टाका.

याच्याच शेजारचा एक धोका म्हणजे ‘फाइंड अँड रिप्लेस’. जनरल फॉरमॅटच्या रकान्यात ३_५ अशा नोंदी आहेत आणि तुम्ही खालच्या रेघेच्या जागी आडवी रेघ आणली, तर एक्सेल प्रत्येक सेल नव्याने टाइप केल्यासारखा वाचतं आणि एका फटक्यात सगळ्या तारखा होतात. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ (एका रकान्याचे अनेक रकाने करणारी सोय) वापरतानाही तसंच. तिथे तिसऱ्या टप्प्यावर प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारतात. बहुतेक लोक तिथे न बघता ‘फिनिश’ दाबतात. तिथे थांबा आणि ‘टेक्स्ट’ निवडा.

## ४. सीएसव्ही फाइल: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कुठला रकाना मजकूर आणि कुठला तारीख, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे टेक्स्ट फॉरमॅट केलेली शीट तुम्ही सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत की ते फॉरमॅट तिथेच संपलं. तुम्ही दिलेलं एकेरी अवतरणचिन्हही त्यात जात नाही.

अशी फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल न विचारता अर्थ लावतं. नुसती पाहून बंद केली तर फाइलला काही होत नाही. सेव्ह केली, की पडद्यावर दिसत असलेलं रूपच फाइलमध्ये लिहिलं जातं. म्हणजे ‘०३-मे’ ही अक्षरं. आता आतला आकडाही गेला आणि सालही गेलं. माझ्या वयोगटांचं असंच झालं होतं.

मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की वाचतो, असा समज आहे. एक्सेलच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ती चिन्हं मजकुरातल्या स्वल्पविरामांपासून वाचवतात, तारखेपासून नाही. फाइलमध्येच एकेरी चिन्ह लिहून ठेवलं तर एक्सेल ते खरं अक्षर समजून दाखवतं. एक युक्ती चालते: बरोबरचं चिन्ह लिहून पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत मजकूर, म्हणजे एक छोटं सूत्रच. पण ती फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने वाचली की बरोबरचं चिन्हही मजकुराचा भाग होऊन बसतं. मी ही युक्ती सुचवत नाही.

बरोबर वाट अशी आहे.

एक्सेलमध्ये आयात करा. नवी, रिकामी फाइल उघडा. डेटा टॅब > ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’. फाइल निवडली की नमुना दिसतो. वर ‘डेटा टाइप डिटेक्शन’ असं एक खाली उघडणारं खोकं असतं. ते मुळात ‘पहिल्या २०० ओळींवरून’ असं असतं. तिथे ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडा. सगळे रकाने मजकूर म्हणून येतील.

आता इथला सापळा नीट समजून घ्या, मी त्यात दोनदा अडकले आहे. ओळख बंद केल्यावर पहिली ओळ बऱ्याचदा शीर्षक न राहता साधी ओळ होते आणि वर ‘कॉलम १’, ‘कॉलम २’ अशी नावं येतात. म्हणून ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन ‘यूज फर्स्ट रो अ‍ॅज हेडर्स’ दाबावं लागतं. ते दाबताच पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलं हे आयातीचं साधन, आपणहून पुढची एक पायरी घालते, ‘चेंज्ड टाइप’ नावाची. आणि त्या पायरीत सगळे प्रकार पुन्हा ओळखले जातात! उजवीकडे ‘अ‍ॅप्लाइड स्टेप्स’ची यादी असते, तिथे ‘चेंज्ड टाइप’च्या शेजारच्या फुलीवर क्लिक करून ती काढून टाका, मगच ‘क्लोज अँड लोड’ करा.

आयात झाल्यावर त्या रकान्यात हाताने काही दुरुस्त करणार असाल, तर त्याचं फॉरमॅटही टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर जनरल फॉरमॅटच्या सेलमध्ये एफ२ दाबून नुसतं एंटर केलं तरी मजकुराची तारीख होऊ शकते.

जुनी पद्धत, अजूनही उत्तम. सीएसव्ही फाइलच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी टीएक्सटी करा आणि एक्सेलच्या फाइल > ओपनमधून उघडा. जुना तीन टप्प्यांचा मदतनीस समोर येतो. तिसऱ्या टप्प्यावर पहिल्या रकान्यावर क्लिक करा, शेवटपर्यंत सरकून शिफ्ट दाबून शेवटच्या रकान्यावर क्लिक करा, आणि ‘टेक्स्ट’ निवडा. हाच मदतनीस फाइल > ऑप्शन्स > डेटामध्ये ‘लेगसी’ आयातीच्या यादीतून कायमचा चालू करता येतो. रकाने थोडे असतील तर मला पॉवर क्वेरीपेक्षा हीच पद्धत सोपी वाटते.

गूगल शीट्समध्ये फाइल > इम्पोर्टमधून आणा. शेवटच्या खिडकीत मजकुराचं आकडे, तारखा आणि सूत्रांत रूपांतर करण्याबद्दल एक खूण केलेली चौकट असते. ती खूण काढा.

लिबरऑफिस कॅल्क या बाबतीत सगळ्यात समजूतदार आहे. सीएसव्ही उघडताना तो स्वतःहूनच विचारतो. खालच्या नमुन्यात रकान्यावर क्लिक करून प्रकार ‘टेक्स्ट’ करा. ‘फॉरमॅट कोटेड फील्ड अ‍ॅज टेक्स्ट’ ही चौकट इथे खरंच काम करते, म्हणजे दुहेरी अवतरणचिन्हांतला मजकूर मजकूरच राहतो. ‘डिटेक्ट स्पेशल नंबर्स’वर खूण नको.

दुसऱ्याला फाइल पाठवायची असेल आणि ती स्प्रेडशीटमध्येच उघडली जाणार असेल, तर सीएसव्हीऐवजी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या नेहमीच्या फाइलच्या, स्वरूपात पाठवा. त्यात प्रत्येक सेलचा प्रकार साठवलेला असतो.

## ५. एक्सेलची नवी सेटिंग, आणि तिची मर्यादा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय दिली. विंडोजवर फाइल > ऑप्शन्स > डेटामध्ये ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ असा भाग आहे. पुढची शून्यं काढणं, लांब क्रमांकांचे १५ आकडे ठेवणं, ‘ई’ असलेल्या कोडचा आकडा करणं आणि सलग अक्षर-आकड्यांची तारीख करणं, या चारही गोष्टी तिथे वेगवेगळ्या बंद करता येतात. सीएसव्ही उघडताना असं रूपांतर होणार असेल तर आधी सांग, अशीही एक चौकट आहे. ती चालू ठेवाच.

पण ‘सलग’ हा शब्द लक्षात घ्या. ही सेटिंग ‘जॅन१’ सारखा सलग कोड वाचवते. मध्ये रिकामी जागा किंवा आडवी रेघ असेल, तर त्याची तारीख तरीही होऊ शकते. म्हणजे तुमचं दुखणं ३-५ चं असेल तर या सेटिंगच्या भरवशावर राहू नका, पहिली आणि चौथी पायरी लागणारच. मॅक्रोमधून (आपोआप चालणाऱ्या आज्ञांमधून) भरल्या जाणाऱ्या नोंदींनाही ही सेटिंग लागू होत नाही. शिवाय ती तुमच्या संगणकापुरती आहे. फाइल दुसऱ्याकडे गेली की तिथली सेटिंग चालते.

कॅल्कमध्ये टूल्स > ऑप्शन्सच्या भाषाविषयक भागात ‘डेट अ‍ॅक्सेप्टन्स पॅटर्न्स’ असतात. तिथून नुसत्या दिवस-महिन्याचा साचा काढला की ३-५ किंवा ३/५ ची तारीख होणं थांबतं. साल-महिना-दिवस अशा पूर्ण क्रमाने लिहिलेली तारीख मात्र तिथे कायम ओळखली जाते.

## ६. काम पुढे नेण्याआधी तपासा

डोळ्यांवर विसंबू नका. हजार ओळींत चाळीस तारखा असल्या तर त्या दिसत नाहीत.

रकान्यावर फिल्टर लावा आणि त्याची यादी उघडा. यादीत साल, त्याखाली महिने अशी फांदी दिसली, तर आत तारखा आहेत. याहून पक्की खूण म्हणजे ‘काउंट’ हे फंक्शन. ते फक्त आकडे आणि तारखा मोजतं, मजकूर मोजत नाही. मजकुराच्या रकान्यावर लावल्यावर उत्तर शून्य यायला हवं. शून्य नसेल तर जेवढा आकडा येईल तेवढे सेल बिघडले आहेत. शेजारी ‘काउंटए’ लावलं की एकूण भरलेले सेल कळतात.

सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आणि त्यावर ‘आकडा मजकूर म्हणून साठवलाय’ अशी सूचना दिसली तर घाबरू नका. तुम्हाला तेच हवं आहे. तिथला ‘कन्व्हर्ट’चा पर्याय दाबू नका, ‘इग्नोर’ करा.

## ७. आधीच बिघडलंय, तर

टाइप केल्या क्षणी लक्षात आलं तर उत्तम. सेल टेक्स्ट करा आणि पुन्हा लिहा. कंट्रोल आणि झेडने एक्सेल फक्त रूपांतर मागे घेत नाही, सगळी नोंदच काढून टाकतं.

मूळ फाइल असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता चौथ्या पायरीने पुन्हा आयात करा. मूळ नसेल तरच पुढचं.

शेजारी एक रिकामा रकाना घ्या, जनरल फॉरमॅटचा. त्यात ‘टेक्स्ट’ हे फंक्शन लिहा: कंसात आधी बिघडलेल्या सेलचा पत्ता, मग अवतरणचिन्हांत साचा, म्हणजे दिवसासाठी इंग्रजी ‘डी’, आडवी रेघ आणि महिन्यासाठी ‘एम’. ३ मेचं पुन्हा ३-५ होईल. संगणक महिना आधी धरणारा असेल तर साचा उलटा. जे सेल मजकूर म्हणून वाचले होते ते या फंक्शनमधून तसेच बाहेर येतात, त्यांची काळजी नको. मग हा रकाना कॉपी करून टेक्स्ट केलेल्या रकान्यात फक्त किमती पेस्ट करा.

हे करताना चार गोष्टी सांभाळा.

ज्या ओळीचं मूळ तुम्हाला नक्की माहीत आहे, तिच्यावर साचा आधी तपासून घ्या. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली तरी उत्तर दिसायला बरोबरच वाटतं.

ज्या तारखांचा दिवस १ आहे त्या वेगळ्या काढून हाताने पाहा. १०-४५ ची झालेली तारीख ऑक्टोबरची पहिली असते. वरच्या साच्याने तिचं १-१० होईल, जे साफ चूक आहे.

३-५, ०३-०५ आणि ३/५ या तिन्हींची एकच तारीख होते. मूळ कोणतं होतं हे फाइल सांगू शकत नाही. तुमच्या कोडमध्ये हा फरक महत्त्वाचा असेल तर कागदावरच्या नोंदींकडेच जावं लागेल.

आणि फाइल कधीकाळी जुन्या मॅकवर तयार झाली असेल तर तिच्यात दिवसांची मोजणी १९०० ऐवजी १९०४ पासून असू शकते. एका पद्धतीच्या फाइलमधून दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये तारखा पेस्ट केल्या की १,४६२ दिवसांचा फरक पडतो, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. साल आपण टाकूनच देणार असतो, पण तो एक दिवस ३-५ चं २-५ किंवा ४-५ करून जातो. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्येच करा, पेस्ट नंतर.

## ८. जमत असेल तर कोडच बदला

नवं काम सुरू करत असाल आणि कोड ठरवणं तुमच्या हातात असेल, तर हा मार्ग सगळ्यात टिकाऊ आहे. मोठमोठ्या संशोधकांनाही शेवटी इथेच यावं लागलं.

जनुकांना छोटी नावं असतात. त्यांतली काही ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की २ सप्टेंबर आणि १ मार्च. २००४ मध्ये ‘बीएमसी बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकात याबद्दल इशारा देणारा लेख आला. तरी २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या पाहणीत असं दिसलं की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. बारा वर्षं इशारा माहीत असूनही! अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावं बदलल्याचं जाहीर केलं. ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’ झालं, ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’. मायक्रोसॉफ्टची सेटिंग त्यानंतर तीन वर्षांनी आली.

तुमच्या यादीसाठी एवढं करा. पल्ल्यांमध्ये आडव्या रेघेऐवजी शब्द घाला: ‘३ ते ५’. गुणफलकाचे दोन वेगळे रकाने करा, एका संघाचा एक. पुढे बेरीजही करता येते. कोडची सुरुवात अक्षरांनी करा, पण महिन्याच्या इंग्रजी नावाने नको: ‘वय_३_५’ किंवा ‘गट_अ’. लांब आडवी रेघ वापरून ३–५ लिहिलं तरी तारीख होत नाही, पण ती रेघ की-बोर्डवर सहज सापडत नाही आणि एकाने लांब, दुसऱ्याने आखूड रेघ वापरली की मोजणीत दोन गट पडतात. म्हणून छापायच्या तक्त्यापुरतीच ती ठेवा.

माझा वयोगटांचा रकाना आता ‘३ ते ५’ असा आहे. फाइल कितीही जणांकडून फिरून आली तरी त्यावरच्या ‘काउंट’चं उत्तर शून्य येतं.